दोघींत एक सायकल

दोघींत सायकल एकच होती. आता कोणी म्हणेल, दुसरी आणायला काय झालं होतं? पण किनारवाट फिरायची त्यांची रीतच तशी होती, आणि त्या रितीवर दोघींचा जीव होता. निदान एकीचा तरी होता.

रीत अशी. एकीने सायकलवर बसून पुढे जायचं. पुढचा बाक, पूल, फाटक, जे काही आधी ठरलं असेल तिथे सायकलला कुलूप लावून ठेवायची आणि आपण पायी पुढे निघायचं. मागची चालत चालत तिथवर येणार, आपल्या किल्लीने कुलूप उघडणार, सायकलवर बसून पुढचीला मागे टाकणार, आणि पुढच्या ठरल्या जागी सायकल ठेवून पायी चालू लागणार. दिवसभर हेच. दोघींची अर्धी वाट पायाखालून जायची आणि अर्धी चाकाखालून, आणि मधल्या वेळात सायकल बाकाला टेकून आराम करायची. अट एवढीच, की पुढे गेलेलीने ठरल्या जागी सायकल ठेवलीच पाहिजे. मागचीला ती दिसत नसते. सगळा कारभार भरवशावर चालायचा.

सायकलवरून पुढे जाताना घंटी दोनदा वाजवायची आणि चालणारीने मागे न बघता हात वर करायचा, हेही ठरलेलं. ते नणंदेच्या कामातून आलं होतं. ती शहरातल्या एका दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. समोरच्याच्या कानाला यंत्र लावून ‘आवाज आला की हात वर करा’ असं दिवसभर सांगायची. भावजय तिला चिडवायची, “ताई, जगाचे कान तपासतेस आणि स्वतः मात्र तुझ्या दादाखेरीज कुणाचं ऐकत नाहीस!” नणंद हसून तोंड फिरवायची. आता फिरवायची ती का फिरवायची, याचा विचार भावजयीने तेव्हा केला नाही. कशाला करेल?

या भावजयीला गावात सगळे खुर्चीवाली म्हणत. खुर्च्यांच्या बैठका ती वेताने विणायची. घराच्या मागच्या बाजूला तिची खोली होती, छताला काचेची खिडकी असलेली. त्या खिडकीतून दिवसभर सारखा उजेड यायचा, सावली न पाडणारा, आणि तसल्या उजेडाशिवाय बारीक वीण नीट दिसत नाही. वेत विणायच्या आधी भिजवावा लागतो, लांबच्या लांब, न मोडता. त्यासाठी न्हाणीघरातला जुना टब तिने पार आपल्या नावावर करून टाकला होता. नवरा कुरकुरायचा, “अंघोळीला जावं तर टबात साप सोडल्यासारखे वेत! मी काय गारुडी आहे?” पण बादली घेऊन कोपऱ्यात निमूट अंघोळ करायचा. इतक्या वर्षांचा संसार असाच कुरकुरत, पण नीट चालला होता.

घर मात्र नवऱ्याच्या आईवडिलांचं, आणि त्यांच्यामागे ते भाऊबहिणीच्या नावावर झालेलं. खुर्चीवालीचं नाव कुठेच नव्हतं. त्याचं तिला कधी काही वाटलं नाही, कारण घरातला एकेक खिळा तिने ठोकला होता. नवरा बंदराच्या कार्यालयातून निवृत्त झाला आणि त्याच्या डोक्यात शहर शिरलं. बहिणीच्या घराजवळ, सहाव्या मजल्यावर, दोन खोल्या. खुर्चीवाली म्हणाली, “आणि वेत कुठे भिजवू? भांडी घासायच्या बेसिनमध्ये? इथून मला उठवलंत तर माझं काम संपलं, हे लक्षात घ्या.” नवऱ्याने थोडे दिवस तोंड फुगवलं आणि मग एकदा जेवताना म्हणाला, “बरं, राहिलं.” ‘राहिलं’ म्हटलं की राहिलं, असं मानणारी ती बाई होती. विषय तिच्यापुरता मिटला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नणंद दर रविवारी येऊ लागली.

त्याआधी दोघींचं फारसं नव्हतं. वर्षातून दोनदा भेट, ‘कशा आहात’, ‘बरी आहे’, की झालं. आणि एका रविवारी नणंद गाडी घेऊन दारात उभी. “वहिनी, तुमच्या धक्क्यापासून ती नवी किनारवाट थेट दीपगृहापर्यंत झाली आहे म्हणे. तुकड्या-तुकड्यांनी सगळी फिरू या का?” खुर्चीवालीच्या हातात अर्धी बैठक होती. ती नको म्हणणार, तेवढ्यात नवराच आतून म्हणाला, “जा गं, जरा हवा खा. घराचं मी बघतो.” खुर्चीवालीने सायकल काढली, वेताची टोपली पुढे लावलेली तिची जुनी सायकल, आणि म्हणाली, “शेजारणीची मागून घेते, म्हणजे दोन होतील.” नणंद म्हणाली, “एकच पुरे. आपण आलटून पालटून चालवू. मजा येईल बघा.” रीत काढली ती अशी, नणंदेने.

आणि मजा आली, हे खोटं कशाला म्हणायचं? वाट सगळ्यांची होती. मधोमध पिवळी रेघ, समुद्राच्या अंगाला पायी जाणारे, आतल्या अंगाला सायकली, आणि भरतीचं पाणी अडवणाऱ्या भिंतीखाली वाळूत एक पट्टा घोडेस्वारांसाठी. बाबागाड्या, कुत्री, काठी टेकत चालणारे म्हातारे, घामाने निथळत पळणारी पोरं, सगळे एकमेकांना वाट देत जायचे. खुर्चीवाली आयुष्यभर खुर्च्यांपुढे वाकून बसलेली. तिला पन्नाशी उलटल्यावर कळलं की आपल्याला वेगाने उतारावरून जायला आवडतं. खाऱ्या दलदलीवरचा लाकडी पूल सायकलखाली खडखड वाजला की ती लहान मुलीसारखी ओरडायची. चालताना मात्र तिला उलट वाटायचं, की एवढं जपून, एवढं सावकाश आपण जगाकडे कधी पाहिलंच नव्हतं. जो तुकडा ती चालायची तो तिला आतबाहेर माहीत व्हायचा आणि जो चालवायची तो नुसता अंगावरून जायचा. ती घरी येऊन नवऱ्याला सांगत बसायची आणि नवरा कधी नव्हे ते मन लावून ऐकायचा. पुढच्या रविवारी कुठे जाणार, किती वाजता परतणार, तेही विचारायचा. तिला वाटलं, चला, म्हातारपणी नवरा सुधारला.

नणंदेला ती कधी ‘अहो ताई’वरून ‘ए ताई’वर आली ते तिलाही कळलं नाही.

फक्त एक गोष्ट तिला कळायची नाही. नणंद तुकडे फार लहान करायची. “घाई काय आहे? वाट कुठे पळून जाते आहे?” म्हणून अर्ध्यातूनच परत फिरायची. दीपगृह समोर दिसत असूनही हाती लागेना. खुर्चीवालीने याचा अर्थ आपल्या मनाने लावला. ताई एकटी राहते, तिला हे संपायला नको आहे, म्हणून पुरवून पुरवून खाते आहे. त्या विचाराने तिला नणंदेची इतकी माया आली की तिने तिच्यासाठी वेताचं एक छोटं स्टूल विणायला घेतलं, गुपचूप.

मग एका शनिवारी नणंदेचा फोन आला. “वहिनी, उद्या संपवून टाकू. दीपगृहापर्यंत.”

रविवारी खुर्चीवाली पहाटेच उठली. स्टुलासाठी निवडून ठेवलेला उत्तम वेत तिने टबात भिजत घातला, म्हणजे संध्याकाळी येऊन विणता येईल. पाव, उकडलेली अंडी, संत्री टोपलीत भरली. निघताना नवऱ्याला म्हणाली, “टबाला हात लावू नका हं.” नवरा म्हणाला, “नाही लावत गं बाई.” तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. रविवारी, इतक्या सकाळी. तिने पाहिलं आणि सोडून दिलं.

झाडीतल्या वाहनतळावर गाडी लावून, मागे बांधलेली सायकल उतरवून दोघी निघाल्या. नणंद सायकलवर पुढे गेली. आज तिने लाल टोपी डोळ्यांवर ओढली होती आणि बोलण्यात तिचं लक्ष नव्हतं. खुर्चीवाली भिंतीच्या कडेने चालू लागली. ऊन कोवळं होतं, ओहोटी होती आणि वाळूवर पक्ष्यांच्या पावलांची बारीक वीण उमटली होती. शेवटचा दिवस म्हणून ती मुद्दाम हळू चालत होती.

ठरलेला बाक कॉफीच्या टपरीशेजारी होता. सायकल होती, कुलूप लावलेली, जिथल्या तिथे. नणंदेने सायकल ठेवण्यात कधी चूक केली नाही, तेवढा न्याय तिला दिला पाहिजे. बाकावर एक जोडपं कॉफी पीत बसलं होतं. चांगली, हसतमुख माणसं. बाई वाकून टोपलीवरून बोट फिरवत होती.

“तुमची का हो सायकल?” ती दचकून म्हणाली. “माफ करा हं, हात लावला. टोपली इतकी सुंदर आहे! आज सकाळीच आम्ही अगदी अशीच वीण पाहिली.”

“कुठे?” खुर्चीवालीने विचारलं. अशी दुहेरी कड आसपास दुसरं कोणी घालत नव्हतं.

“धक्क्याजवळच्या एका घरात. आम्ही घेतोय ते. आज पक्कं झालं!” बाईला आनंद आवरत नव्हता. “मागे खोली आहे, छताला काचेची खिडकी असलेली. तिथे ह्यांचं व्यायामाचं सामान राहील. आणि न्हाणीघरात टब आहे, पण त्यात काय होतं माहितेय? वेत! टबभर भिजत घातलेला. मी तर घाबरलेच.”

“साप सोडल्यासारखा,” खुर्चीवाली म्हणाली.

“अगदी! घरमालकही तेच म्हणाले.” मग बाई थांबली, तिने टोपलीकडे पाहिलं, खुर्चीवालीच्या हातांकडे पाहिलं, वेत ओढून ओढून घट्टे पडलेल्या बोटांकडे, आणि तिचा चेहरा उजळला. “अगंबाई! म्हणजे तुम्हीच त्या! बघा ना, तिसऱ्यांदा आलो आम्ही, पण तुमची भेटच होत नाही. तुमचे यजमान म्हणाले, रविवारी नणंद तिला फिरायला नेते, तिच्यामागे घर निवांत दाखवता येतं. म्हणाले, तिला आता विणकाम झेपत नाही, सोडणारच आहे, पण घर सोडायचं म्हटलं की हळवी होते. साहजिक आहे हो. सगळी आवराआवर तुमच्यामागे करताहेत, तुम्हाला त्रास नको म्हणून. किती काळजी घेतात!”

त्या बाईच्या नवऱ्याला मात्र काहीतरी जाणवलं. त्याने कॉफीचा पेला खाली ठेवला. “चल,” तो बायकोला म्हणाला.

खुर्चीवाली ओरडली नाही. ओरडायचं कुणावर? ही माणसं खरं बोलत होती, एवढंच त्यांचं चुकलं होतं. तिने विचारलं, “सह्या झाल्या?”

“उद्या,” तो माणूस हळूच म्हणाला. “दोघं भाऊबहीण येणार आहेत.”

तिने कुलूप उघडलं. ती सायकलवर बसली आणि निघाली.

वारा समोरून होता. पायडल मारता मारता एकेक गोष्ट तिच्या डोक्यात जागेवर बसत गेली. लहान लहान तुकडे का, तर गिऱ्हाईक मिळत नव्हतं. आज शेवटपर्यंत का, तर गिऱ्हाईक मिळालं. इस्त्रीचा शर्ट. ‘किती वाजता परतणार?’ ‘घराचं मी बघतो.’ ज्या रविवारांसाठी ती आठवडाभर झुरायची, ते रविवार म्हणजे तिला घराबाहेर काढायची युक्ती होती. नवऱ्याचा तिला राग आला, पण तो राग ओळखीचा होता, जुन्या भांडणांच्या पंगतीत बसणारा. नणंदेचं नाव मनात आलं की मात्र ती पायडल आणखी जोरात मारत होती.

पुढे लाल टोपी दिसली. समुद्राच्या अंगाने, खाली मान घालून चाललेली. खुर्चीवालीने घंटी वाजवली. दोनदा. सवयच ती.

नणंदेने मागे न बघता हात वर केला.

खुर्चीवाली पुढे गेली नाही. तिने सायकल आडवी घालून थांबवली. “तुमचं घर घेणारी माणसं भेटली मला,” ती म्हणाली. “टपरीपाशी. भली माणसं आहेत.”

नणंदेचा हात वरच राहिला होता. तो तिने सावकाश खाली घेतला. “वहिनी, आज संध्याकाळी दादा सांगणारच होता तुला.”

“दीपगृह झाल्यावर?”

“मला वाटलं, निदान हे तरी पुरं व्हावं तुझं.”

“केवढे उपकार,” खुर्चीवाली म्हणाली.

मागून घंटी वाजवत दोन सायकलस्वार गेले. दोघी बायका वाटेच्या मधोमध, पिवळ्या रेघेवर उभ्या होत्या. नणंद भिंतीवर बसली आणि बोलू लागली. दादाने आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे काही मागितलं होतं. ती एकटी, शहरात संध्याकाळी दार उघडलं की आत अंधार. तुम्ही दोघं शेजारी आलात तर मला माणसं मिळतील, असं तिला वाटलं. “आपण रोज भेटू, वहिनी. नुसतं रविवारी नाही. तुलाही आवडेल बघ. दादा म्हणाला, तू काम सोडणारच आहेस.”

“मी म्हणाले तसं?”

“नाही.”

“मग मला विचारायचं होतंत. दर रविवारी बरोबर होतो.”

“बरोबर कुठे होतो?” नणंदेच्या तोंडून निघून गेलं. “एक पुढे, एक मागे.”

आणि मग दोघींनीही सायकलकडे पाहिलं. एकच पुरे, आलटून पालटून चालवू, मजा येईल. शेजारी शेजारी चालवायला लागलं असतं तर बोलावं लागलं असतं, तोंडाकडे बघावं लागलं असतं. या रितीत दोन बायका अख्खा दिवस एकत्र काढतात आणि एकीला दुसरीची फक्त पाठ दिसते. खुर्चीवालीने या रितीवर जीव टाकला होता, आणि ती रीत नणंदेने लपायला काढली होती.

“सगळंच खोटं नव्हतं गं,” नणंद रडत म्हणाली. “पहिले काही रविवार मी दादासाठी आले. मग माझ्यासाठी येऊ लागले. खरंच सांगते. पुलावर साखळी तुटली होती ना, आणि तू ती वेताच्या तुकड्याने बांधलीस, आणि दहा पावलांत परत तुटली, आणि आपण हसून हसून फळ्यांवर आडव्या पडलो. त्या दिवशी, तुझी शपथ, मला वाटलं की दादाला सांगावं, मला हे नाही जमणार.”

तो दिवस खुर्चीवालीलाही चांगला आठवत होता. त्या दिवशी हसून पोट दुखत असताना ती घरी आली, आणि तिच्या खोलीतल्या खुर्च्या एका भिंतीला रचून ठेवलेल्या होत्या, जमीन पुसलेली होती. नवरा म्हणाला होता, झाडून घेतलं जरा. तिने आनंदाने त्याच्या गालाला हात लावला होता. तिच्या हातात तो एक दिवस तरी उरला असता, पण तोही नणंदेने आता नासवला.

“मग सांगितलंत का दादाला?” तिने विचारलं.

नणंदेने नकारार्थी मान हलवली.

“अजून वेळ गेलेली नाही,” खुर्चीवाली म्हणाली. आयुष्यात तिने कुणापुढे हात पसरला नव्हता. “तुमच्या सहीवाचून विक्री होत नाही. उद्या सही करू नका, ताई. माझी खोली राहू द्या. मी झालं गेलं विसरून जाईन, तुम्हाला शब्द देते.”

खाली वाळूतून एक घोडा दुडक्या चालीने गेला. दीपगृह इतकं जवळ होतं की त्याच्या खिडक्यांच्या चौकटी दिसत होत्या. इथून पुढे थोडी चढण, मग पायऱ्या, पायऱ्यांवर सायकल न्यायला मनाई, तिथे दोघींनी हातात हात घालून चढायचं असं त्यांनी केव्हाचं ठरवून ठेवलं होतं.

“मी दादाला शब्द दिला आहे, वहिनी,” नणंद म्हणाली.

खुर्चीवालीने टोपलीतली अंडी, पाव, संत्री काढून भिंतीवर नणंदेशेजारी नीट मांडली. उपाशी कुणाला ठेवायचं नाही, ही तिची खोड. मग सायकलचं तोंड फिरवलं. धक्क्यापर्यंतची सगळी वाट तिने तुकड्या-तुकड्यांनी पाहिली होती, आता ती सलग जाणार होती, घराच्या दारापर्यंत. टबात वेत होता. फार वेळ भिजला तर काळा पडतो, आणि उद्या काहीही होवो, आज तो बाहेर काढायला तिलाच जावं लागणार होतं.

“वहिनी!” मागून हाक आली. वारा आता पाठीवर होता आणि त्याच्याबरोबर हाक अगदी कानाशी येऊन पोहोचली. “वहिनी गं! थांब! ऐकतेस ना?”

खुर्चीवालीला शब्द न् शब्द ऐकू आला. तिने दोन्ही हात सायकलच्या मुठींवर घट्ट धरून ठेवले आणि पायडल मारत राहिली.